कॅरिबियन किनाऱ्यावरचे माया अवशेष पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, कान्कूनपासून तुलूमच्या खालपर्यंत, माया लोकांची जुनी बंदरं आणि देवळं आहेत. अमेरिकेतून चार दिवसांची सुट्टी काढून जाणारी मराठी कुटुंबं आणि त्यांच्याकडे आलेले आईबाबा यांच्याकडून हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोपे आधी घेतलेत, किचकट शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून गरज तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. तिकिटांचे दर मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते बदलत राहतात आणि जुना आकडा वाचून गेलेला माणूस खिडकीवर वाद घालत बसतो.

१. हे अवशेष नेमके कुठे आहेत? सगळे समुद्रावरच आहेत का?

नाही. समुद्राला खेटून आहे ते तुलूम. कान्कूनच्या हॉटेलांच्या पट्ट्यातच एल रे आणि सान मिगेलितो ही दोन छोटी स्थळं आहेत. सान मिगेलितोला लागून माया वस्तुसंग्रहालय आहे. कोसुमेल बेटावर सान हेर्वासियो आहे. किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की तुलूमच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर मुयिल आणि वायव्येला सुमारे ४५ किलोमीटरवर कोबा. हे सगळं किन्ताना रो राज्यात येतं.

चिचेन इत्सा आणि एक बालाम शेजारच्या युकातान राज्यात, बरंच आत आहेत. जाहिरातीत 'कान्कून–चिचेन इत्सा' असं जोडून छापलेलं असलं तरी मध्ये सुमारे २०० किलोमीटर आहेत.

आणखी एक घोळ नेहमी होतो. शेल-हा नावाचं पाण्यातल्या खेळांचं पार्क वेगळं आणि शेल-हाचे अवशेष वेगळे. अवशेष हमरस्त्याच्या पलीकडे आहेत, त्यांचं तिकीट स्वतंत्र आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते.

२. एकच ठिकाण पाहायला वेळ आहे. कोणतं?

किनाऱ्यावर राहत असाल तर तुलूम, सकाळी दार उघडताच. पूर्ण दिवस हातात असेल तर सकाळी तुलूम आणि दुपारनंतर कोबा. एक मोकळ्या कड्यावरचं उशिराचं बंदर, दुसरं जंगलात दडलेलं, त्याच्या कित्येक शतकं आधीचं मोठं शहर. ही जोडी पाहिली की माया इतिहासाचा पल्ला लक्षात येतो. चिचेन इत्सा भव्य आहे, पण त्याला स्वतंत्र दिवस द्या (प्रश्न १० पाहा).

३. तुलूमचं एवढं नाव, पण फोटोत तर चार बुटकी देवळं दिसतात. मग बघण्यासारखं काय?

हा प्रश्न बहुतेक जण परत आल्यावर विचारतात, तोही थोड्या नाराजीने. पिरॅमिडची उंची हीच मोजपट्टी धरून गेलं की तुलूम हमखास लहान वाटतं. दक्षिणेकडची मोठी माया शहरं साधारण नवव्या शतकात ओस पडली. तुलूमची भरभराट त्यानंतर, तेराव्या शतकापासून स्पॅनिश लोक येईपर्यंतची. तोवर राजांनी आकाशाला भिडणारे मनोरे बांधायचे दिवस सरले होते. पैसा होता तो व्यापारात, आणि व्यापार चालायचा समुद्रातून.

युकातानच्या उत्तर किनाऱ्यावरचं मीठ, मध, कापूस, ग्वाटेमालाच्या डोंगरांतली काळी ज्वालाकाच (ज्वालामुखीतून तयार होणारी काच), चलन म्हणून चालणाऱ्या कोकोच्या बिया, हे सगळं मोठमोठ्या होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं. १५०२ मध्ये कोलंबसाला होंडुरासच्या बेटांजवळ अशीच एक मालाने भरलेली मोठी होडी भेटली होती, तिच्यात कोकोच्या बियाही होत्या. तुलूम या साखळीतलं एक ठाणं होतं. किनाऱ्यासमोर प्रवाळाची लांबच लांब रांग आहे आणि तुलूमसमोर तिच्यात खिंड आहे. होडी आत घ्यायला ही जागा सोयीची. बंदर इथेच का, याचं उत्तर कड्यावर उभं राहून समुद्राकडे बघितलं की मिळतं. प्रवाळावर लाटा फुटतात तिथे पांढरी रेघ दिसते. ती जिथे तुटते तिथे वाट.

१५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वा या स्पॅनिश दर्यावर्द्याची जहाजं या किनाऱ्याने गेली. जहाजावरच्या पाद्र्याने दुरून दिसलेल्या एका शहराची तुलना स्पेनमधल्या सेव्हिलशी केली. ते तुलूमच असावं असं मानतात. भिंती तेव्हा रंगवलेल्या होत्या, आज आपल्याला दिसतो तो नुसता राखाडी चुनखडी दगड.

४. आत गेल्यावर नेमकं काय शोधून बघायचं?

आधी तटबंदी. तिन्ही बाजूंनी दगडी तट आणि चौथ्या बाजूला सुमारे १२ मीटरचा कडा. तटात पाच दारं आहेत. दार म्हणजे तटाच्या जाडीतून जाणारी अरुंद बोळ, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. बोळीत थांबून वर पाहा. आपल्याकडच्या कमानीत मधोमध किल्लीचा दगड असतो, तो इथे नाही. दोन्ही बाजूंचे दगड एकेक थर पुढे सरकवत आणलेत आणि वर आडवे दगड टाकून मिटवलंय. माया बांधकाम ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

मग भित्तिचित्रांचं देऊळ. आत सोडत नाहीत, पण खांबांमधून आतली निळसर चित्रं दिसतात. डोळे सावलीला सरावेपर्यंत मिनिटभर थांबा, नाहीतर काहीच दिसत नाही. बाहेरच्या कोपऱ्यांवर चेहरे कोरलेत: दगडाचे दोन पदर जिथे मिळतात तिथे नाक, आणि दोन्ही बाजूंना एकेक डोळा. बहुतेक लोक फोटो काढून पुढे जातात आणि हे चेहरे त्यांच्या नजरेतून सुटतात. माया निळा रंग नीळ आणि एक विशिष्ट पांढरी माती तापवून केलेला असायचा, त्यामुळे तो शतकानुशतकं टिकला.

तिसरी गोष्ट म्हणजे दारांवर डोकं खाली, पाय वर असलेली मूर्ती. 'उतरणारा देव' म्हणतात तो हाच. तो मधमाश्यांचा देव, की शुक्र, की मावळता सूर्य, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मधाचा व्यापार पाहता मधमाशीचा अर्थ मला पटतो, पण गाईड जे ठासून सांगेल त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

सामान्य लोकांची लाकडाची, झावळ्यांनी शाकारलेली घरं तटाबाहेर होती. ती उरली नाहीत. तटाच्या आत दिसतं ते देवळांचं आणि मानकऱ्यांचं गाव.

५. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत. पाऊस कमी, उकाडा सोसवेल इतका. एप्रिल-मे भाजून काढतात. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त जोखमीचे, तेव्हा रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

सारगासो नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ २०१४-१५ पासून या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात येऊ लागलंय, साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टच्या पुढेपर्यंत. किनाऱ्यावर ढीग सडले की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अवशेष पाहण्यात त्याने काही अडत नाही. अडतं ते समुद्रस्नान. त्या महिन्यांत पाण्यात उतरायचं असेल तर सेनोते गाठा (प्रश्न १४).

६. दिवसातली कोणती वेळ? रविवारी गेलं तर चालेल?

सकाळी ८ ला दार उघडतं तेव्हा रांगेत असा. दहाच्या पुढे कान्कूनच्या बसगाड्या येतात आणि तुलूमच्या दोरी लावलेल्या अरुंद वाटांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. सावली जवळजवळ नाहीच. दुपारी साडेतीनच्या आसपास प्रवेश बंद होतो, त्यामुळे 'उन्हं कलल्यावर जाऊ' हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांना प्रवेश मोफत असतो. तो त्यांचा हक्कच आहे, पण गर्दी दुप्पट होते आणि तुमचं तिकीट काही माफ होत नाही.

७. व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्टवर लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तरी चालतं. भारतातून कान्कूनला थेट विमान नाही. अमेरिकेत विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसा लागतोच, आणि मग मेक्सिकोचाही प्रश्न सुटतो. व्हिसाची मुदत संपलेल्यांनी प्रश्न २१ वाचल्याशिवाय तिकीट काढू नये.

किन्ताना रो राज्य परदेशी पाहुण्यांकडून एक छोटा पर्यटन कर घेतं. तो ऑनलाइन भरता येतो, पण त्याच नावाच्या नकली साइट बऱ्याच आहेत. राज्य सरकारचीच साइट आहे ना, हे पत्ता नीट वाचून बघा.

८. तुलूमला पोहोचायचं कसं? गाडी भाड्याने घ्यावी का?

कान्कून विमानतळावरून तुलूम सुमारे १२० किलोमीटर. एडीओच्या बसगाड्या चांगल्या आणि वेळेवर असतात. प्लाया देल कार्मेन ते तुलूम या पट्ट्यात 'कोलेक्तिवो' म्हणजे शेअर व्हॅन धावतात. हात दाखवला की थांबतात, उतरताना रोख द्यायचे. डिसेंबर २०२३ पासून तुलूमला स्वतःचा विमानतळ आहे आणि माया रेल्वेही सुरू झाली आहे, पण स्टेशनं गावापासून लांब आहेत, पुढच्या वाहनाची सोय आधी बघून ठेवा.

कोबा आणि मुयिल स्वतःच्या वेळेने पाहायचे तर गाडी सोयीची. तीन गोष्टी लक्षात ठेवा. ऑनलाइन दिसणाऱ्या फुटकळ भाड्यात सक्तीचा तृतीय पक्ष विमा धरलेला नसतो, काउंटरवर तो वाढतो. गावाआधी 'तोपे' म्हणजे गतिरोधक लागतात, बरेचसे रंग उडालेले. आणि पेट्रोल भरण्याआधी मीटर शून्यावर आहे का ते बघा. ही सवय आपल्याला आहेच.

९. तुलूमच्या दाराशी तीन-तीन ठिकाणी पैसे मागतात म्हणे. फसवणूक आहे का?

सगळीच नाही. अवशेषांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, म्हणजे इनाहचं. ही १९३९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था. तुलूमचा परिसर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या जग्वार राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे उद्यानाचं शुल्क वेगळं. पार्किंग तिसरं. चिचेन इत्सालाही राज्याचं आणि इनाहचं असे दोन भाग असतात.

खरी फसवणूक होते ती दाराच्या अलीकडे. गणवेशासारखे शर्ट आणि गळ्यात कार्ड घातलेली माणसं रस्त्यात गाडी अडवून 'इथूनच तिकीट घ्यावं लागतं' म्हणतात आणि बोटफेरीसकटचं महागडं पॅकेज गळ्यात मारतात. थांबू नका, दाराशी जा. रोख पेसो जवळ ठेवा. डॉलर घेतात तिथे भाव आपल्याला तोट्याचाच लावतात. पार्किंगपासून अवशेषांपर्यंत चांगलं लांब चालावं लागतं. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उद्यानात चालत नाहीत, घरची स्टीलची बाटली न्या.

१०. एकाच दिवसात तुलूम आणि चिचेन इत्सा होईल का?

टूरवाले नेतात. मी नेणार नाही. तुलूमहून चिचेन इत्सा सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचेच दोन तास. दोन्हीकडे सकाळची वेळ मोलाची, आणि सकाळ एकच असते. त्यापेक्षा आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करा. जुनं, निवांत गाव आहे आणि तिथून चिचेन इत्सा पाऊण तासावर.

यात घड्याळाचा एक सापळा आहे. किन्ताना रो राज्य शेजाऱ्यांपेक्षा तासभर पुढच्या वेळेवर चालतं. म्हणजे तुलूम, कान्कून, कोबा एका वेळेवर. वायादोलिद, एक बालाम, चिचेन इत्सा तासाने मागे. जाताना एक तास फुकट मिळतो. येताना तोच वसूल होतो. चिचेन इत्साहून दुपारी २ ला निघालात तर कान्कूनमध्ये तेव्हा ३ वाजलेले असतात, अडीच तास प्रवास, म्हणजे विमानतळावर साडेपाच. सीमेजवळ फोन कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या राज्याचा, म्हणून परतीच्या दिवशी मनगटावरचं घड्याळ कान्कूनच्या वेळेला लावून ठेवा.

११. पिरॅमिडवर चढता येतं का?

तुलूमला नाही. चिचेन इत्साच्या मुख्य पिरॅमिडवर तर जवळपास दोन दशकांपासून बंदी आहे. दोरी ओलांडली तर पहारेकरी शिट्टी वाजवतात, गर्दी हुर्यो उडवते आणि बाहेर पडताना पोलीस वाट बघत असतात. कोबाचा नोहोच मुल सुमारे ४२ मीटर उंच, पायऱ्या साधारण १२०. २०२० मध्ये तिथेही चढणं थांबवलं आणि पुढे धोरण बदलत गेलं. कोबा आणि एक बालाम या दोन्हीचं त्या दिवशीचं उत्तर तिकीट खिडकीवरच विचारा. चढायला मिळालं तर लक्षात ठेवा, चढणं सोपं असतं. पायऱ्या उभ्या आणि गुळगुळीत झालेल्या, उतरताना बसत बसत यावं लागतं.

मुयिलजवळ सियान कआन अभयारण्यात लाकडी निरीक्षण मनोरा आहे. त्यावर चढून जंगल आणि खारकच्छ दिसतं. चढायची हौस तिथे भागते.

१२. आईबाबांना घेऊन जातोय. गुडघे दुखतात. झेपेल?

तुलूम झेपतं. वाट बरीचशी सपाट आहे, त्रास उन्हाचा. छत्री, टोपी, पाणी, आणि दहाच्या आत बाहेर. कोबा त्याहून सोपं, कारण आत तीनचाकी सायकलरिक्षा मिळतात. चालक मागून पॅडल मारतो, दोघं पुढे बसतात, आणि पूर्ण वाट झाडांच्या सावलीतून जाते. माझ्या मते ज्येष्ठांसाठी हे इथलं सगळ्यात सुखाचं ठिकाण. ज्या रुंद वाटेवरून रिक्षा धावते तीच जागोजागी जुनी माया सडक आहे, 'सकबे' म्हणजे पांढरा रस्ता. कोबाहून निघालेली अशी एक सडक सुमारे १०० किलोमीटर लांब याशुनापर्यंत जाते, आणि माया लोकांकडे ना बैल होते ना गाड्या.

चिचेन इत्साचं पटांगण विस्तीर्ण आणि बोडकं आहे. तिथे बसायच्या जागा हेरत हेरत चला.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचं काय? आणि चतुर्थी आली तर?

मांस नको म्हटलं की ताटात मांस येत नाही, पण वाटणात येतं. घोटलेल्या घेवड्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, तिला 'मान्तेका' म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका' (मांस, कोंबडी, मासे, चरबी नको) अशी चारही नावं घेऊन नकार द्या. नुसतं 'वेजेतारियानो' म्हणून भागत नाही, त्यात मासे चालतात असा समज अजून भेटतो.

काय खावं? सिकिल पाक आवर्जून मागा: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, टोमॅटो आणि कोथिंबीर वाटून केलेलं, आपल्या दाण्याच्या ओल्या चटणीची आठवण यावी असं. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस, म्हणजे बियांच्या दाट रशात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, आत उकडलेलं अंडं. चाया हा तिथला पालकासारखा पाला, कच्चा विषारी असतो म्हणून शिजवूनच खातात. रस्त्यावर संध्याकाळी मार्केसिता मिळते, कुरकुरीत सुरळीत किसलेलं चीज. हाबानेरो मिरचीच्या चटणीला 'आम्ही मराठी, आम्हाला तिखट चालतं' म्हणत हात घालू नका, आधी टोक बुडवून बघा.

उपवासाची चिंता तर मुळीच नको. शेंगदाणा, रताळं, बटाटा, साबुदाण्याचा कंद, पपई, पेरू हे सगळं मूळचं अमेरिका खंडांतलंच. आपली उपवासाची थाळी तिकडूनच आली आहे. भाजलेले दाणे आणि फळं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात.

१४. सेनोते म्हणजे काय? तिथे सनस्क्रीन का लावू देत नाहीत?

युकातानची जमीन चुनखडीची. पाऊस मुरून खाली जातो, वर नद्या जवळजवळ वाहतच नाहीत. खालच्या पोकळीचं छत कोसळलं की उघड्यावर येतो तो सेनोते. तुलूमच्या परिसरात जमिनीखाली शेकडो किलोमीटरचे पाण्याने भरलेले बोगदे एकमेकांना जोडलेले आहेत. माया शहरांना पाणी मिळायचं ते अशाच विवरांतून, आणि आजही या भागाचं गोडं पाणी तेच. त्यात तेलकट क्रीम, डास मारायचं औषध उतरलं तर ते झिरपत पुढे जातं. म्हणून उतरण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो. ऊन टाळायला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या. पाणी थंड आणि लगेच खोल असतं, त्यामुळे पोहता येत असेल तरी लाइफ जॅकेट नाकारू नका.

१५. तुलूमच्या अवशेषांखालच्या किनाऱ्यावर पोहता येतं का?

खाली छोटी पुळण आहे, पण लाटा, शेवाळ किंवा कासवांची अंडी यांमुळे ती अनेकदा बंद ठेवतात. पोहण्याचे कपडे घालून जाऊ नका, ती आशा सोडूनच जा. इग्वाना मात्र भरपूर भेटतील. आपल्या घोरपडीशी त्यांचं नातं लांबचं. खायला घालू नका, बोट आणि चिप्स यांतला फरक त्यांना कळत नाही.

१६. ड्रोन, ट्रायपॉड? आणि नऊवारी नेसून फोटोशूट?

मोबाइलवर हवे तेवढे फोटो काढा. व्हिडिओ कॅमेऱ्याला वेगळं शुल्क पडू शकतं. ड्रोन आणि ट्रायपॉडला इनाहची लेखी परवानगी लागते, ती दाराशी मिळत नाही. नऊवारी खुशाल नेसा, पोशाखाला हरकत नाही. पण सोबत छायाचित्रकार, रिफ्लेक्टर आणि कपडे बदलायची बॅग दिसली की ते व्यावसायिक चित्रण ठरतं आणि पहारेकरी थांबवतात.

१७. माया लोक अचानक नाहीसे कसे झाले?

झालेच नाहीत. तुमच्या सायकलरिक्षाचा चालक, पोळ्या थापणारी बाई, तिकीट फाडणारा मुलगा यांतले कितीतरी जण माया आहेत. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत युकातेक माया बोलणारे सुमारे पावणेआठ लाख लोक होते. ओस पडली ती विशिष्ट काळातली विशिष्ट शहरं. त्यामागे लागोपाठचे दुष्काळ, राजांमधली युद्धं, लोकसंख्येचा ताण अशी अनेक कारणं देतात. तुलूम मावळलं ते स्पॅनिश आक्रमण आणि देवीसारख्या रोगांनंतर.

त्यानंतरही गोष्ट संपत नाही, आणि ही गाईड सहसा सांगत नाहीत. १८४७ मध्ये युकातानच्या माया शेतकऱ्यांनी बंड केलं. 'बोलणाऱ्या क्रुसा'भोवती (ज्यातून देव बोलतो असं ते मानत, त्या क्रुसाभोवती) एकत्र आलेल्या या लोकांनी किन्ताना रोचा जंगलपट्टा १९०१ पर्यंत स्वतःच्या ताब्यात ठेवला होता. तुलूम त्यांच्यासाठीही पवित्र होतं, तिथे त्यांचं देवस्थान होतं. त्यांची राजधानी म्हणजे आजचं फेलिपे कारिल्यो पुएर्तो, तुलूमहून दक्षिणेला गाडीने सव्वा-दीड तास. कान्कूनची हॉटेलं बांधायला १९७० च्या दशकात सुरुवात झाली. म्हणजे आपण ज्याला सुट्टीचा किनारा म्हणतो तो कालपरवापर्यंत त्यांचा बंडाचा मुलूख होता.

'माआलोब किन' एवढं म्हणायला शिका. भेटल्यावरचा नमस्कार. ऐकून समोरचा माणूस हसतोच.

१८. माया म्हणजे मयासुराचे वंशज का? शून्य त्यांनी आपल्याकडून घेतलं का?

कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुरामुळे हा प्रश्न थांबत नाही. नाही आणि नाही. अमेरिकेतल्या मूळ लोकांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी ईशान्य आशियातून गेले. माया भाषा, लेखन, शेती तिथेच घडली. नावातलं साम्य योगायोगाचं आहे. शून्याची कल्पना त्यांनी स्वतंत्रपणे काढली, वीसच्या पटीतल्या मोजणीत ते शून्य शिंपल्याच्या चिन्हाने दाखवत. दोन समाजांना एकच गोष्ट एकमेकांची ओळख नसताना सुचली, हे मला त्या फॉरवर्डपेक्षा जास्त भारी वाटतं.

१९. नरबळीच्या गोष्टी खऱ्या का? मुलांना काय सांगायचं?

खऱ्या आहेत. चिचेन इत्साच्या पवित्र सेनोतेतून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली. जवळच्या एका भुयारी टाक्यात १९६७ मध्ये सापडलेल्या मुलांच्या अवशेषांची जनुकीय तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेली सगळी ६४ मुलं मुलगेच होती, त्यांतली बरीच एकमेकांची जवळची नातेवाईक, आणि जुळ्या भावांच्या दोन जोड्याही होत्या. कुमारिकांना पाण्यात ढकलत असत, ही जुनी रंगवलेली कथा त्यामुळे उलटीच ठरली. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सरळ सांगा, त्यांना पेलतं. त्याहून लहानांना चेंडूचं मैदान दाखवा आणि पिरॅमिडसमोर टाळी वाजवायला सांगा, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो.

२०. क्रूझने जातोय, बंदरावर पाच-सहा तासच आहेत. तुलूम जमेल?

कोसुमेलला उतरत असाल तर आधी फेरीने प्लाया देल कार्मेन, मग तासभर गाडी, मग तेच उलट. जमतं, पण जीव टांगणीला लागतो. बेटावरच्या सान हेर्वासियोला जा. इश्चेल या चंद्राशी आणि बाळंतपणाशी जोडलेल्या देवीचं हे क्षेत्र, दूरदूरहून बायका होड्यांतून इथे येत. इमारती छोट्या आहेत, परिसर शांत. कोस्ता मायाला जहाज लागत असेल तर चाकचोबेन बघा. आणि जहाजाचं घड्याळ आणि बंदराचं घड्याळ एकच आहे ना, हे उतरण्याआधी विचारा. बोट वाट बघत नाही.

२१. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे, पण आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचा अमेरिकी कागद) चालू आहे. जाता येईल का?

इथे दोन देशांचे दोन वेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

अमेरिकेत परत येण्यासाठी आपोआप पुनर्वैधतेची सवलत आहे: फक्त मेक्सिको किंवा कॅनडाची ३० दिवसांपर्यंतची फेरी, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहायच्या मुदतीची नोंद) चालू, आणि त्या फेरीत नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसणं, अशा अटींवर. पण मेक्सिकोत शिरताना ही सवलत कामाची नाही. मेक्सिकोला चालू व्हिसा लागतो, आय-७९७ चा कागद त्यांच्या लेखी व्हिसा नव्हे. म्हणजे शिक्का संपलेला असेल तर आधी जवळच्या मेक्सिकन वकिलातीतून त्यांचा व्हिसा घ्यायचा. परतीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलांना हा नियम माहीत नसतो, म्हणून आय-९४, आय-७९७ आणि नियमाची छापील प्रत हाताशी ठेवा. तुमची स्थिती नुकतीच बदलली असेल किंवा कुठला अर्ज अडकला असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारा.

याच्याच जोडीला येणारा प्रश्न आईबाबांचा. ते बी-१/बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर आले असतील आणि व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोला अडचण नाही. मात्र मेक्सिकोची चक्कर मारली की अमेरिकेतले सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, हे धरून भारताचं परतीचं तिकीट पुढे ढकलू नका. परतल्यावर अधिकारी जुनीच तारीख कायम ठेवू शकतो. घरी आल्या आल्या दोघांचंही आय-९४ ऑनलाइन उघडून तारीख बघा.